हलणारं पोतं

भगवंतराव पटेलांनी ते वाक्य तोंडातून काढण्याआधी चार दिवस त्याचा नफा-तोटा मनात जुळवून पाहिला होता. नफ्यात दिसत होतं ते असं, की पायवाट बंद होणार, संत्री झाडावर राहणार, आणि गावात कोणी वाईटही म्हणणार नाही. तोटा काही शोधूनही सापडत नव्हता.

वाट खैरखेडीहून तिगाव स्टेशनाला जायची, आणि ती नेमकी पटेलांच्या बगीच्याच्या पोटातून, या बांधापासून त्या बांधापर्यंत तिरपी गेलेली होती. सकाळच्या पॅसेंजरने पांढुर्ण्याला जाणारे नोकरीवाले, शाळेतली पोट्टी, कापूस वेचायला निघालेल्या बाया, सगळे त्याच वाटेचे गिऱ्हाईक. दिवाळी झाली, आंबिया बहाराची फळं पिवळी पडू लागली, की या सगळ्यांना बरोबर बगीच्याच्या मध्यावर तहान लागत असे. माणशी एक फळ. एका फळाला कोणी चोरी म्हणत नाही. पण साठ माणसं जाताना आणि तीच साठ येताना, हे गणित गावात एकट्या पटेलांना येत होतं.

इतर वर्षी हा ताप त्यांना नसे. फळ झाडावर असतानाच बगीचा व्यापाऱ्याला देऊन मोकळं व्हायचं, राखण त्याची तो करी. शहाऐंशी साली मात्र भाव चढेल या आशेने त्यांनी बगीचा हातात ठेवला, आणि फळांबरोबर तहानलेली माणसंही त्यांच्याच वाट्याला आली. काटे लावावेत, तर ज्या बापाने वाट दिली त्याच्या पोराने ती बुजवली असं गाव म्हणणार. सरकारदरबारी जावं, तर सौसरच्या तहसिलीत नकाशावर ती वाट तुटक रेघेने काढलेली, खाली बापाची सही. राखणदार ठेवावा, तर राखणदारालाही तहान लागतेच.

म्हणून मग वाक्य. त्याला खर्च काय, तोंडाची वाफ.

रघुनाथरावाच्या हॉटेलात सकाळी आठ-दहा माणसं असत. हॉटेल म्हणजे टिनाचं छप्पर, दोन बाकडी आणि एक भट्टी. पटेलांनी अर्धा कप संपवला, मिशी पुसली, आणि सहज बोलल्यासारखं बोलले.

"काल दिवे लागाच्या टायमाले बगीच्यात एक माणूस दिसला. आपल्या गावचा नाही. खांद्यावर पोतं. मले पाहून पळाला."

ठरवलेलं एवढंच होतं. बायाबापड्या चार दिवस बिचकल्या की वाट आपोआप मोडेल, असा अंदाज. पण रघुनाथराव दुधावरची साय बाजूला करत म्हणाला, "पोत्यात काय होतं पटेल?"

"आता मी काय उघडून पाहिलं?" पटेल म्हणाले. माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत होती. इतक्या जणांनी एकदम आपल्याकडे बघावं, ही चीज पटेलांना बऱ्याच वर्षांत मिळाली नव्हती. "पण हलून राहिलं होतं."

भट्टीवरचं दूध उतू गेलं. वीस वर्षांत रघुनाथरावाने दुधाचा थेंब सांडू दिला नव्हता. त्या दिवशी पातेलं अर्धं झालं तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"पोट्टं असन," कोणीतरी हळूच म्हणालं. कोण म्हणालं ते पटेलांना कधी कळलं नाही. ते पटेल बोलले नव्हते, एवढं मात्र खरं.

दुसऱ्या दिवशी वाटेवर साठाऐवजी बारा माणसं होती, तीही घोळक्याने, आणि त्यांतल्या एकालाही तहान लागली नाही. पटेल विहिरीच्या काठावर उभे राहून भरलेल्या फांद्या बघत होते. एका वाक्याने एवढं काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी यमुना आली. विहाराकडच्या वस्तीतली, गावात चार घरी कापूस वेचणारी. तिची प्रतिभा नववीत होती, रोज पॅसेंजरने पांढुर्ण्याला शाळेत जायची. वस्तीतून मॅट्रिकच्या परीक्षेला बसणारी ती पहिली मुलगी ठरणार, हे यमुनेने गाडीत शेजारी बसलेल्या प्रत्येकाला एकदा तरी सांगितलेलं होतं.

"पटेल, एक विचारू?"

"विचार ना."

"आमी भूत मानत नाही. कोणाच्या अंगात येते तेही मानत नाही. हाटेलात बसणारे तर काहीबी बोलते. पण पोरं नेणारा, तो तर माणूसच असते. तुमी सांगा. तुमच्या डोयानं पायलं?"

विकलेला माल परत घ्यायची हीच एक जागा होती. पटेलांना ती दिसलीही. पण एकटीला खरं सांगायचं म्हणजे संध्याकाळपर्यंत ते हॉटेलात पोचणार.

"पायलं ना, यमुनाबाई."

"पोतं हललं?"

"हललं."

"बरं झालं विचारलं," ती म्हणाली. "तुमी काहून खोटं सांगसान." आणि प्रतिभाची शाळा माणूस सापडेपर्यंत बंद झाली. सडकेने स्टेशन दुप्पट लांब, आणि गाडी काही कोणासाठी थांबत नाही.

त्यानंतर गाव वाक्याला आपापल्या घरचं काहीतरी जोडत गेलं. रघुनाथरावाला आठवलं की त्याच संध्याकाळी त्याच्या हॉटेलामागे कुत्री भुंकत होती. एका बाईला ओढ्यावर लहान चप्पल दिसली. ती तिच्याच मुलाची निघाली, पण तोवर चप्पल तीन गल्ल्या पुढे गेली होती. देवीदास गुरुजी तेवढे हसले. प्राथमिक शाळेतले ते मास्तर, पेपर वाचणारे. म्हणाले, "पोरगं कोणाचं गेलं, नाव सांगा. एक नाव सांगा मले."

कोणालाच नाव सांगता आलं नाही. म्हणून सगळे गुरुजींवरच चिडले.

"गुरुजी, तुमाले लेकरू असतं तर असे हासले नसते," गुणवंता म्हणाला. पंचविशीतला गडी, पहारा त्यानेच बसवला होता. हातात बैलगाडीच्या उभारीचा दांडा, गळ्यात शिट्टी. शिट्टी वाजली की घरटी एका माणसाने काठी घेऊन यायचं. न येणाऱ्याचं नाव दुसऱ्या दिवशी हॉटेलात निघे, आणि नुसतं निघत नसे: "हा काहून येत नाही बाप्पा? याले कशाचं भेव नाही?" गुरुजींचं नाव दोनदा निघालं. तिसऱ्या शिट्टीला गुरुजी सगळ्यांच्या आधी पोचले, छत्रीची दांडी घेऊन. घाबरलेल्या माणसाला पुरावा लागत नाही, सोबत लागते. आणि सोबत नाकारणारा त्याला चोरापेक्षा वाईट दिसतो.

पहाऱ्याला एकच अडचण होती. चोर ओळखायचा कसा? पाहिलेला तो एकट्या पटेलांनी. मग पटेलांना बोलावणं येई, खुर्ची टाकली जाई.

"उंच होता का बुटका?"

"बुटका." विचारल्यावर काहीतरी सांगणं भागच होतं.

"कपडे?"

"खाकी सदरा. डोक्याले फडकं."

"आणखी काही खूण?"

पटेलांनी डोळे मिटले. आश्चर्य असं, की माणूस दिसला. बगीच्यातून चालत येणारा, पोतं घेतलेला. "डावा खांदा खाली होता," ते म्हणाले, आणि स्वतःच्या तपशीलावर खूश झाले.

पुढच्या मंगळवारी ते जमिनीच्या खसऱ्याची नकल काढायला सौसरला गेले. बसस्टँडवर केळीवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगत होता, "मालूम नाही का? पांढुर्ण्याकडच्या एका पटेलाची झटापट झाली त्याच्यासंग. पोत्यातून लेकराचा पाय बाहेर आला होता. पटेलाचा हात मोडला बिचाऱ्याचा."

पटेलांनी आपल्या धडधाकट हाताने केळी घेतली. हसायला यायला हवं होतं. आलं नाही. ते म्हणाले, "मंग?"

"मंग काय! लोधीखेड्यातून दोन पोरं गेली. पाच जणांची टोळी हाय म्हणते, जीपगाडी हाय."

नकल काढायचं राहिलं. पटेल बाकावर बसले आणि हिशेब करू लागले. माझं खोटं एका माणसाचं, माझ्या बगीच्यातलं. लोधीखेड्याची दोन पोरं मी नेली नाहीत, जीप तर मी बोललोच नाही. म्हणजे माझ्या खोट्यावाचूनही कोणीतरी फिरतंय. माझं खोटं हे त्या खऱ्याच्या सावलीसारखं आधी पडलं असेल. हिशेब चोख होता. त्या हिशेबाने त्यांच्या पाठीवर घाम आणला.

मुलगी मालती बोरगावला दिलेली होती, तिचा मुलगा तीन वर्षांचा. पटेल तडक बोरगावला गेले. नातू अंगणात एकटाच मातीत खेळत होता. फाटक उघडं. पटेलांनी त्याला असा उचलला की पोरगं भोकाड पसरून रडू लागलं.

"बाबूजी, काय झालं?" मालती धावत आली. मग त्यांच्या हाताकडे बघून म्हणाली, "आमी तर ऐकलं तुमचा हात…"

"हात गेला खड्ड्यात. फाटक लावत जा. याले नजरेआड करू नको."

"तुमी खरंच पाहिलं त्याले?"

"पाहिलं म्हणजे? डावा खांदा खाली होता त्याचा," पटेल म्हणाले. बोलताना त्यांना माणूस पुन्हा दिसला, आणि या वेळी आपण त्याला बनवला आहे असं मुळीच वाटलं नाही.

परतताना ते तिगावला उतरले तेव्हा ऊन कलायला आलं होतं. समोर आपली वाट, आपला बगीचा, पंधरा मिनिटांचं अंतर. पटेल बांधापर्यंत आले. आत कोणी नव्हतं. पानं हलली. मग पानं हलायची थांबली, तेव्हा जास्त वाईट वाटलं. चारशे झाडांच्या ओळी, प्रत्येक ओळीच्या शेवटी अंधारलेलं भोक, आणि त्या प्रत्येक भोकात कोणीतरी नुकतंच बाजूला सरकल्यासारखं. पटेल पाठ न फिरवता दहा पावलं मागे आले आणि सडकेने, दुप्पट लांबच्या रस्त्याने, घरी गेले. वाट आता त्यांच्यासाठीही बंद झाली होती.

जेवायला वाढताना त्यांची बायको कुसुम म्हणाली, "जंबेरीची रोपं कमरेला आली. कलमा बांधाले उत्तम कधी येते? दरसाली तर दिवाळी झाली की पंधरवड्यात हजर असते."

घास पटेलांच्या हातातच राहिला.

उत्तम वरुडकडचा. दरवर्षी पॅसेंजरने यायचा, वाटेने बगीच्यात यायचा, जंबेरीच्या रोपांवर संत्र्याच्या कलमा बांधून द्यायचा आणि पंधरा दिवसांनी जायचा. मुक्काम बगीच्यातल्याच झोपडीत, गावात पाऊल नाही; वाटेवरच्यांना दिसली असेल तर रोपांवर वाकलेली पाठ तेवढी. ठेंगणा. खाकी सदरा. ओल्या तरटात गुंडाळलेल्या संत्र्याच्या काड्या पोत्यात घालून ते पोतं नेहमी डाव्या खांद्यावर घ्यायचा, म्हणून तो खांदा खाली गेलेला.

पटेलांनी बनवला नव्हता. उचलला होता. रिकाम्या जागी माणूस उभा करायला सांगितल्यावर, त्या जागी ज्याला दरवर्षी पाहिलं तोच त्यांनी उभा केला होता.

"काहून जेवत नाही?" कुसुम म्हणाली. मग तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं, आणि चौतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचा चेहरा वाचता येणारी ती बाई वाढायला घेतलेली भाकर परत टोपलीत ठेवू लागली.

पोस्टकार्ड टाकून 'येऊ नको' म्हणावं, तर कार्ड आधी पोस्टमन वाचणार, मग हॉटेल वाचणार. पटेल अनोळखी माणसाला सावध काहून करून राहिले? असं गुणवंता विचारणार. राहिला एकच मार्ग. दुसऱ्या दिवशी पटेल सडकेने तिगाव स्टेशनात गेले, पॅसेंजर येईपर्यंत बाकावर बसले. उत्तम उतरला नाही. तिसऱ्या दिवशीही गेले. उत्तम उतरला नाही. परतले तेव्हा गुणवंता हॉटेलाच्या बाहेर उभारीवर हनुवटी टेकून उभा होता.

"पटेल, दोन दिवस झाले, टेशनावर जाऊन राहिले?"

"असंच. व्यापारी येणार होता."

"व्यापारी?" गुणवंताने रघुनाथरावाकडे पाहिलं. रघुनाथरावाने देवीदास गुरुजींकडे. गुरुजींनी पेपरात. "वाटेत बगीचा पडते तुमचा. तुमी तिकून न जाता सडकेनं जाता. काही मालूम हाय काय तुमाले, जे आमाले नाही?"

तो हसत होता. इतर हसत नव्हते. पटेलांनी ओळखलं: न येणाऱ्या गुरुजींकडे गाव ज्या नजरेने बघत होतं, ती नजर हीच. ती कशी लागते ते आतापर्यंत त्यांना खुर्चीवरून दिसत होतं. आज ती अंगावर आली.

चौथ्या दिवशी पटेल स्टेशनात गेले नाहीत. रोज थोडाच येते, त्यांनी स्वतःला समजावलं. आणि उत्तम चौथ्या दिवशी आला.

नऊच्या सुमाराला शेजारच्या शेतातून कापूस वेचणाऱ्या बायांचा कल्लोळ उठला, मग शिट्टी. एक, दोन, मग थांबेचना. पटेल अंघोळीच्या दगडावर होते. गुणवंता फाटकातूनच ओरडला, "पटेल, चाला! सापडला! बुटका, खाकी सदरा, डावा खांदा खाली! जसा सांगतला तसा!"

"उत्तम तर नाही ना?" कुसुम दाराआडून अगदी हळू म्हणाली.

"चूप," पटेल म्हणाले.

चाळीसेक माणसं होती. विहिरीजवळच्या बाभळीला त्याला बांधला होता. ओठ फुटलेला, एक डोळा सुजून मिटलेला. फडकं कुठेतरी पडलं होतं. पोतं जरा अंतरावर वाटेत पडलेलं, आणि त्याच्याभोवती सगळ्यांनी दहा हात जागा मोकळी सोडली होती. माणसाला हात लावायची हिंमत चाळीस जणांत होती. पोत्याला लावायची एकातही नव्हती.

"पटेल!" उत्तमचा उरलेला डोळा उजळला. "आले बाप्पा! सांगा ना यायले. मी कवाचा सांगून राहिलो, मी पटेलाचा माणूस हावो, कलमा बांधतो. कोणी ऐकतच नाही."

चाळीस तोंडं पटेलांकडे वळली.

"हा तुमाले कसा जाणते?" गुणवंता म्हणाला.

पटेलांनी वळून पाहिलं. प्रत्येक चेहरा ओळखीचा होता. कोणाच्या लग्नात त्यांनी मांडव घातला होता, कोणाच्या बापाला खांदा दिला होता. ते सगळे चेहरे आता एकच चेहरा झाले होते, आणि तो चेहरा विचारत होता, की बगीचा तुमचा, वाट तुमची, टेशनावर दोन दिवस तुम्ही, आणि हा तुमचाच माणूस? बाभळीला आणखी एक माणूस बांधण्याइतकी जागा होती. दोरही उरलेला होता.

हा उत्तम आहे, असं म्हणायला तीन शब्द पुरे होते. पण त्यामागून प्रश्न येणार: मग त्या दिवशी तुम्ही पाहिला तो कोण? हुबेहूब असाच? पटेलांनी उत्तमकडे पाहिलं, आणि भीती माणसाला काय काय दाखवते, त्यांना तो खांदा दिसला. खाली गेलेला. इतक्या लोकांनी ज्याला बांधलं, त्यात काहीच नसेल? वर्षातले पंधरा दिवस हा आपल्याकडे असतो. बाकीचे साडेअकरा महिने हा कुठे असतो, काय करतो, आपल्याला काय माहीत? क्षणभर, शप्पथ, त्यांना तोच वाटला.

"बोला ना पटेल. तोच काय?"

"सारखाच वाटते," भगवंतराव म्हणाले.

पहिली काठी कोणाची पडली ते पुढे पोलिसांनाही कळलं नाही. पटेलांनी डोळे मिटले. कान मिटता येत नाहीत. उत्तमने आधी त्यांच्या नावाने हाक मारली, मग आईच्या, मग नुसता आवाज आला. पटेलांनी डोळे किलकिले केले तेव्हा दोर सुटलेला होता, तो हात डोक्यावर धरत होता, आणि काठ्या हातांवर पडत होत्या.

"थांबा!"

यमुना होती. कापसाची ओटी तशीच बांधलेली, मागे प्रतिभा. "मारता कायले? आधी पाहा ना, लेकरू कोणाचं हाय!"

"दूर हो यमुना, तिकडं जाऊ नको!"

"काहून? लेकरू असन त्याच्यात तर मरून राहिलं असन ना, एवढ्या वेळचं! चाळीस गडी उभे हा, एकानं तोंड सोडलं नाही त्याचं?"

ती दहा हातांची मोकळी जागा ओलांडून गेली. कोणी हललं नाही. गाठ दोनदा निसटली. पटेलांनी बघितलं, आणि देवाशपथ, त्यांनाही त्या घडीला पोत्यातून काय निघेल याची खात्री नव्हती. ज्याने ते पोतं हलवलं होतं, तोच श्वास रोखून उभा होता.

यमुनेने पोतं उलटं केलं. ओलं तरट. त्यात संत्र्याच्या हिरव्या काड्या, पानं खुडलेल्या, एका मापाच्या. बोटभर सुरी. कलमांना बांधायच्या केळीच्या सोपटाच्या पट्ट्या. फडक्यात दोन भाकरी.

"घ्या," ती म्हणाली. "ज्याचं असन त्यानं घेऊन जा."

काठ्या हातातून कशा गेल्या ते बघण्यासारखं होतं. कोणी टाकली नाही. सगळ्या नुसत्या गवतात सापडल्या. यमुना आणि प्रतिभाने उत्तमला पाणी पाजलं. बैलगाडी आणली ती गुरुजींनी, आणि वाटभर ते म्हणत होते, मी मागे होतो, मी मागेच होतो.

पांढुर्ण्याहून जमादार आला. चाळीस माणसं असल्याचं सगळ्यांनी मान्य केलं. मारणारा त्यांत एकही निघाला नाही. प्रत्येक जण बाकीचे आले म्हणून आला होता.

उत्तमचा जीव वाचला. उजव्या हाताची तीन बोटं गेली, अंगठ्यालगतची, ज्यांत सुरी धरतात ती.

त्या आठवड्यात पटेलांना झोप नव्हती. डोळे मिटले की काठ्या, उघडले की पोतं. शेवटी ते रघुनाथरावाच्या हॉटेलात जाऊन उभे राहिले. आठ-दहा माणसं होतीच.

"राजेहो, ऐका. मी त्या दिवशी बगीच्यात कोणाले पाहिलं नाही. कोणी नव्हता. वाट बंद व्हावी म्हणून बोललो. सारं खोटं होतं."

पटेल शिव्यांची वाट बघत होते. शिव्या मिळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"बसा पटेल," रघुनाथराव मायेने म्हणाला. "च्या घ्या. तुमी हादरले. कोणीबी हादरन."

"अरे, खोटं होतं म्हणतो मी!"

"असं होते," देवीदास गुरुजी म्हणाले. "गलत माणूस सापडला म्हणून मनाले लागते, मंग माणूस आपण पाहिलेलंही नाही म्हणते."

"अन् तुमी एकट्यानं थोडाच पाहिला?" रघुनाथराव म्हणाला. "सांगत नव्हतो आजवर. त्याच दिवशी मीही पाहिला, हाटेलामागं. पोतं हलून राहिलं होतं."

त्याचा डोळा हलला नाही. तो खोटं बोलत नव्हता.

"म्हणजे समजलं काय," गुणवंता आवाज खाली आणून म्हणाला, "उत्तम तो नव्हता. खरा अजून मोकळाच हाय."

त्या दिवसापासून पहारा दुप्पट झाला. पटेल त्याच दुपारी, भर उन्हात, स्वतःला सिद्ध करून दाखवायला बगीच्यात शिरले. कोणी नाही, मीच सांगतो ना, कोणी नाही, असं मोठ्याने म्हणत ते सहा झाडं आत गेले. सातव्या झाडामागे काहीतरी हललं. ते माकड असेल, वारा असेल. पटेल धोतराचा सोगा हातात धरून पळत बांधाबाहेर आले, आणि बांधावर बसून, साठीचा माणूस, लहान पोरासारखे कापत राहिले.

तोडणीला गडी मिळाला नाही. मजुरी वाढवूनही नाही. फळ झाडावर पिकलं, गळलं, वाटेवर सडलं. त्या सडलेल्या फळांतून रोज सकाळी दोघीच चालत: शाळेला निघालेली प्रतिभा आणि तिला गाडीवर सोडणारी यमुना. ज्या बाईने पोतं उघडून पाहिलं होतं तिला वाटेचं भेव उरलं नव्हतं. पण गावाचा एक नियम असतो. ज्याच्यासमोर आपण उघडे पडलो तो डोळ्यासमोर नको असतो. त्या हंगामात यमुनेला कोणी वेचणीला बोलावलं नाही. कोणी भांडलं नाही, नुसतं बोलावलं नाही. संक्रांतीनंतर ती लेकीला घेऊन लोधीखेड्याकडे कामाला गेली, आणि वाटेवरची शेवटची दोन माणसंही संपली.

पायवाट बंद झाली, म्हणजे पटेलांना हवं होतं ते अखेर मिळालं. त्याच्या किमतीत उत्तमची तीन बोटं आणि त्यांतला हुन्नर गेला. प्रतिभाची नववी गेली, आणि नववीपुढचं जे काही असेल ते. यमुनेचं घर गेलं. गुणवंता, गुरुजी, रघुनाथराव यांनी काही भरलं नाही. भगवंतरावांनी भरला संत्र्यांचा एक बहार, आणि तो झाडांनी पुढच्या दिवाळीला परत केला.